तेरा आठवडे कुठे घालवावेत?

“ताई, पुन्हा चुकीचं गाव निवडलं गेलं तर?” सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली, ती हा एकच प्रश्न घेऊन. वय २९, सीटी स्कॅनची तंत्रज्ञ, न्यू जर्सीतील एडिसन येथे आईवडिलांच्या घरी राहणारी. तिच्या संमतीनेच मी हे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. अमेरिकेत क्ष-किरण, सीटी, एमआरआय, सोनोग्राफी अशी कामे करणारे अनेक तंत्रज्ञ एका रुग्णालयात कायम नोकरी न करता एजन्सीमार्फत बहुधा १३ आठवड्यांच्या कंत्राटावर गावोगाव जातात. पैसे बरे मिळतात आणि देशही पाहता येतो, त्यामुळे मराठी घरांतील दुसऱ्या पिढीची काही मुले-मुलीही या वाटेने जाऊ लागली आहेत. त्यांच्याकडून मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच असतो.

तिचा पहिला अनुभव नुकताच संपला होता. मेच्या अखेरीस ती अॅरिझोनातील फीनिक्स शहरात गेली, कारण वाळवंटातील सूर्यास्ताची छायाचित्रे तिच्या मनात अनेक वर्षे घर करून होती. मिळाली ती रात्रपाळी. फीनिक्सच्या उन्हाळ्यात पारा सहज ४३ अंशांच्या वर जातो. २०२३ मध्ये तर तेथे सलग ३१ दिवस दिवसाचे कमाल तापमान त्याखाली आलेच नव्हते. सकाळी सात वाजता कामावरून सुटायचे, जाड पडदे ओढून झोपायचे, संध्याकाळी उठून पुन्हा रुग्णालयाकडे निघायचे, असे तिचे ९१ दिवस गेले. ज्या वाळवंटासाठी ती गेली होती ते तिने विमानाच्या खिडकीतूनच काय ते पाहिले. परत आल्यावर “हे काम माझ्यासारखीसाठी नाहीच” असा निष्कर्ष तिने काढला होता, आणि आईने त्यावर शिक्कामोर्तब केले होते. आई मला म्हणाल्या, “तुम्हीच सांगा हिला. कामाला जायचं तर कामासारखं जावं. गावं कसली निवडायची त्यात?”

येथे मी आईंशी सहमत झाले नाही आणि तसे त्यांना स्पष्ट सांगितले. आवडेल अशा ठिकाणी राहावेसे वाटणे हा लाडावलेपणा नव्हे. आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन पाळ्या असतील, तर १३ आठवड्यांत ३९ पाळ्या होतात आणि ५२ दिवस मोकळे राहतात. ओळखीचे कोणीही नसलेल्या गावात हे ५२ दिवस कसे जातात यावर त्या माणसाची झोप, जेवण, आणि मशीनवर झोपवलेल्या रुग्णाशी बोलण्याची पद्धतसुद्धा अवलंबून असते. ठिकाण निवडण्यात तिची चूक झालेली नव्हती. तिने ठिकाणाचे केवळ नाव निवडले होते, त्याचा ऋतू आणि त्यातील पाळी निवडली नव्हती.

तिच्यासमोर तेव्हा सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होणारे तीन प्रस्ताव होते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील एक गाव, मेन राज्याच्या किनाऱ्यावर अकेडिया राष्ट्रीय उद्यानाजवळचे एक छोटे रुग्णालय, आणि तिसरे उत्तर अॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ. तिसऱ्याचे नाव काढताच ती म्हणाली, “ते राज्य मला नकोच आहे.”

प्रस्तावांकडे वळण्यापूर्वी मी तिला एक वेगळे काम दिले. गेल्या दोन वर्षांतील असे पाच सुट्टीचे दिवस लिहून आण, जे संपताना तुला वाईट वाटले, असे मी तिला सांगितले. तिने आणलेल्या पाचांपैकी चार दिवस डोंगरातील एकट्याच्या चालण्याचे होते, आणि त्या चारही दिवशी तिने घरी येऊन स्वतः स्वयंपाक केला होता. समुद्र एकाही दिवसात नव्हता. किनाऱ्यावरची दोन गावे तिने यादीत घेतली होती ती मैत्रिणींना आवडतात म्हणून, हे तिच्या त्याच बैठकीत लक्षात आले.

त्यानंतर आम्ही व्यवहाराकडे वळलो. कॅलिफोर्निया तर लगेचच मागे पडले, कारण तेथे राज्याचा स्वतंत्र परवाना लागतो; राष्ट्रीय प्रमाणपत्र हाती असले तरी तेवढ्यावर काम सुरू करता येत नाही. परवाना येईपर्यंत ते कंत्राट दुसऱ्याला गेले असते.

मेनवर मात्र आम्ही बराच वेळ घालवला, कारण तिचे मन तेथे अडकले होते. रुग्णालय २५ खाटांचे, म्हणजे दुर्गम भागासाठी केंद्र सरकारने ठरवलेल्या छोट्या रुग्णालयांच्या वर्गातले. पाळी आठ तासांची, आठवड्यातून पाच दिवस, आणि शिवाय दर तिसऱ्या रात्री ऑन-कॉल. ऑन-कॉल म्हणजे फोन आला की अर्ध्या तासात मशीनपाशी हजर व्हायचे. साहजिकच त्या दिवशी फोनला रेंज नसलेल्या जंगलवाटेवर पाऊल टाकता येत नाही. रात्री सीटी चालवणारी ती एकटीच असणार होती. आणि ऋतूचे काय? ऑक्टोबरचे पहिले तीन आठवडे तेथील झाडांचे रंग पाहून डोळे निवतील हे खरे. परंतु डिसेंबरात त्या किनाऱ्यावर चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. साडेतीनला काम सुटल्यावर तिला जे चालायला जायचे होते ते अंधारातच झाले असते. मी तिला तेरा आठवड्यांतील प्रत्येक मंगळवार कागदावर मांडायला लावला: किती वाजता उठशील, किती वाजता उजेड जाईल, भाजी कुठून आणशील. नवव्या मंगळवारी तिने पेन खाली ठेवले.

फ्लॅगस्टाफचा कागद तिने नाखुशीनेच उघडला. फीनिक्सपासून हे गाव गाडीने दोन-सव्वादोन तासांवर आहे, पण साधारण २,१०० मीटर उंचीवर, पाइनच्या विस्तीर्ण जंगलात वसलेले. ग्रँड कॅन्यनची दक्षिण कडा तेथून सुमारे १३० किलोमीटर, आणि गावाच्या पाठीशी ३,८५१ मीटरचे हम्फ्रीज शिखर. येथील लोवेल वेधशाळेत १९३० मध्ये प्लूटोचा शोध लागला, आणि आकाश काळोखे राहावे म्हणून गावातील दिवे आजही काळजीपूर्वक मंद ठेवले जातात. आई शेजारी बसून ऐकत होत्या, “म्हणजे कळसूबाईपेक्षाही उंच!” असे त्या नकळत बोलून गेल्या. अॅरिझोनाचा परवाना तर तिच्या हाती होताच. ज्या राज्याचा तिला वीट आला होता त्याच राज्यात तिला हवे ते सारे होते. फक्त उंची, ऋतू आणि पाळी वेगळी हवी होती.

मी तिला रुग्णालयाच्या सुपरवायझरशी फोनवर बोलताना विचारायचे प्रश्न लिहून दिले. पाळी दिवसाची असेल तर ते कंत्राटात लिहून मिळेल का? तीन पाळ्या सलग लावता येतील का? मशीन कोणत्या कंपनीचे आहे, आणि ते समजावून द्यायला किती दिवस देणार? गर्दी कमी असली तर घरी पाठवून पगार कापणार, की ठरलेल्या तासांची हमी आहे? यापूर्वी आलेल्या तंत्रज्ञाने मुदत वाढवून घेतली होती का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना समोरची व्यक्ती किती वेळ थांबते याकडे नीट लक्ष द्यावे, असे मी सर्वांनाच सांगते. फीनिक्सला जाताना तिने यांपैकी काहीच विचारले नव्हते.

पैशांबाबत एक नाजूक प्रसंग उद्भवला. या कंत्राटात निवास आणि जेवणाचा भत्ता करमुक्त मिळू शकतो, परंतु त्यासाठी आपले कायमचे घर दुसरीकडे असावे लागते आणि त्या घराचा खर्च आपण खरोखर सोसत असावे लागते. एकाच भागातील काम वर्षापेक्षा अधिक चालणार असेल तर ही सवलत राहत नाही. आईवडिलांच्या घरी फुकट राहणाऱ्या मुलीचे ते “कायमचे घर” आयकर खाते मान्य करीलच असे नाही. तिने वडिलांना खोलीचे वाजवी भाडे नियमितपणे द्यावे, असे करसल्लागाराने सुचवले. वडील दुखावले. “मुलीकडून भाडं घेऊ?” एवढेच ते म्हणाले आणि उठून गेले. त्यांच्याशी मी स्वतंत्र बोलले. हा हिशेब त्यांच्या मायेचा नसून मुलीच्या कागदपत्रांच्या सुरक्षिततेचा आहे, हे त्यांना पटायला दोन बैठका लागल्या. भाडे ते आता घेतात, आणि ते उत्पन्न म्हणून स्वतःच्या विवरणपत्रात दाखवायचे आहे हेही त्यांना समजले आहे.

भारतातून हे वाचणाऱ्या तंत्रज्ञांसाठी एक गोष्ट नमूद करते. कंत्राटावर असे गावोगाव काम करण्याची मोकळीक नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना आहे. एच-१बी व्हिसा मालकाशी आणि कामाच्या जागेशी बांधलेला असतो. त्यावर असे गावोगाव फिरणे सहजासहजी शक्य होत नाही.

ती फ्लॅगस्टाफला गेली, आणि सगळे सुरळीत झाले असे नाही. गावात विद्यापीठ असल्याने सप्टेंबरात खोल्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या होत्या. तिला २५ मिनिटांवर, ठरवल्यापेक्षा महाग घर घ्यावे लागले. पहिला आठवडा विरळ हवेमुळे डोके दुखण्यात गेला. महामार्गावरील अपघातांचे रुग्ण तिच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त येत. परंतु चौथ्या आठवड्यात तिने मला जे छायाचित्र पाठवले त्यात देखावा नव्हता. चिखलाने माखलेले बूट आणि त्यांच्या शेजारी गॅसवर चढवलेला कुकर होता. दिवाळीत आई चिवडा-चकल्या घेऊन गेल्या आणि पहिल्या दिवशी जिना चढताना धापा टाकत बसल्या. तिसऱ्या दिवशी मायलेकी दरीच्या कडेवर उभ्या होत्या.

डिसेंबरात बर्फ सुरू झाला आणि रुग्णालयाने आणखी १३ आठवड्यांसाठी विचारले. “मुदत वाढवून घेऊ का?” असे विचारायला तिने फोन केला खरा, पण मी काही बोलण्याआधीच तिने सांगितले की नव्या कागदावर दिवसपाळीचा उल्लेख नाही, तो लिहून मागितला तेव्हा टाळाटाळ झाली, आणि तिने त्याच दुपारी नकार कळवला आहे.