डाँकी काँग आणि औषधाचा फवारा

प्रश्न : लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटमध्ये एक खेळ होता. त्यात खाली उभा असलेला लहानसा माणूस वर लोंबकळणाऱ्या गोरिलावर औषध फवारत असे. तसाच फवारा पुढे इतर खेळांतही दिसला. हे मुळात कोठून आले? आणि गोरिलावर कीटकनाशक मारून काय साधते?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्याला आठवतो तो खेळ म्हणजे निन्टेंडोचा ‘डाँकी काँग ३’. तो 1983 मध्ये नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांसाठी निघाला आणि 1984 मध्ये जपानात फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आला. या यंत्राच्या नकला आपल्याकडे सर्रास विकल्या जात आणि त्यांच्या ‘अनेक खेळ एकत्र’ कॅसेटमधून हा खेळ घरोघरी पोहोचला. मात्र फवारा त्याहूनही जुना आहे. 1982 मध्ये निन्टेंडोच्या ‘गेम अँड वॉच’ या हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रांच्या मालिकेत ‘ग्रीन हाउस’ नावाचा, दोन पडद्यांचा, घडी घालून मिटता येणारा खेळ निघाला. त्यात वरच्या पडद्यावर सुरवंट आणि खालच्या पडद्यावर कोळी फुलांकडे सरकत येतात आणि खेळणाऱ्याने शिडीवरून वर-खाली धावत दोन्हीकडे फवारणी करायची असते. ‘डाँकी काँग ३’ मधील फवारा मारणारा तो लहानसा माणूस, म्हणजे स्टॅन्ली, याच हरितगृहाचा वारसा पुढे चालवतो.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या औषधाने गोरिला मरत नाही, तो फक्त वर सरकतो. दोन वेलींना धरून तो लोंबकळत असतो. फवारा लागला की थोडा वर चढतो आणि फवारा थांबला की पुन्हा खाली उतरू लागतो. तो जमिनीपर्यंत पोहोचला तर एक जीव गेला. उलट त्याला पार वर रेटत नेले, की त्याचे डोके मधमाश्यांच्या पोळ्यात अडकते आणि फेरी जिंकली जाते. दरम्यान त्याने चिडवलेल्या माश्या खालची पाच फुले उचलून न्यायला येत असतात. फुले उरली तर जादा गुण मिळतात, सगळी गेली तर जीव जातो. म्हणजे हातात फवारा एकच, आणि क्षणोक्षणी ठरवायचे असते की तो गोरिलाकडे वळवावा की फूल घेऊन निघालेल्या माशीकडे. त्या काळच्या बहुतेक नेमबाजीच्या खेळांत शत्रूला गोळी लागली की तो नाहीसा होई. इथे मुख्य शत्रू शेवटपर्यंत समोर राहतो आणि आपण फक्त त्याला थोपवून धरतो. या खेळाची खरी गंमत यातच आहे आणि ती साधायला बंदुकीपेक्षा फवारा कितीतरी योग्य ठरतो. वेलीवर जास्त जोराचा एक पंपही टांगलेला असतो. गोरिलाला पुरेसे वर रेटले की हा पंप खाली पडतो, आणि तो हाती आल्यावर काही काळ गोरिला झपाट्याने वर जातो.

1981 च्या पहिल्या ‘डाँकी काँग’ मधल्या हातोड्याशीही तुलना करून पाहावी. तो हाती असताना पिंपे फोडता येत, पण शिडी चढता येत नसे. फवाऱ्यावर असे बंधन नाही, म्हणून स्टॅन्लीचा खेळ अधिक वेगवान वाटतो.

पुढे हे हत्यार दोन निराळ्या वाटांनी गेले. जपानात 1994 मध्ये निघालेल्या ‘मदर २’ मध्ये, म्हणजे इतरत्र ‘अर्थबाउंड’ या नावाने आलेल्या खेळात, कीटकनाशकाचा डबा पिशवीत बाळगण्याची वस्तू झाला; तो फक्त किड्यांच्या जातीच्या शत्रूंवर चालतो, इतरांवर वाया जातो, त्यामुळे तो कधी काढायचा हे ओळखणे हेच खेळणाऱ्याचे कसब. 2001 च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या मारामारीच्या खेळात मात्र मिस्टर गेम अँड वॉच हा सपाट काळा लढवय्या थेट ‘ग्रीन हाउस’ मधलाच पंप हाती घेतो आणि बटण दाबत राहिले, की समोरच्यावर भसाभस औषध मारतो.