कंपनीच्या मशिनवर बाहेरचं काम केलं, आता राजीनामा देऊ की चौकशीला सामोरा जाऊ?

भोसरीहून एका वाचकाने लांबलचक पत्र पाठवलं आहे. त्याचा सारांश असा: वय ४३, एका कारखान्याच्या टूल रूममध्ये (साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात) १४ वर्षं नोकरी, हुद्दा सिनियर सुपरवायझर. मेहुण्याच्या वर्कशॉपचे काही जॉब ते रविवारी कंपनीच्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनवर) करून देत होते. त्यातून साधारण ६०,००० रुपये मिळाले. एका रविवारी टूल आपटून स्पिंडल (टूल फिरवणारा मशिनचा मुख्य दांडा) खराब झाला आणि सगळं उघडकीला आलं. कंपनीचं म्हणणं: २,४०,००० रुपये रोख भरा आणि राजीनामा द्या, नाहीतर चार्जशीट देऊन बडतर्फ करू, पीएफ आणि ग्रॅच्युइटीही अडवू. पत्नीचं मत, चौकशी लढवावी. वाचकाच्या मनात मात्र वेगळंच आहे. पत्नीचे दागिने गहाण ठेवून भरपाई द्यायची, पीएफचे ११ लाख काढायचे, ९ लाखांचं जुनं व्हीएमसी घ्यायचं आणि स्वतःचं वर्कशॉप टाकायचं. पगार ५२,००० (मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,०००), मोशीच्या फ्लॅटचा हप्ता धरून महिन्याचा खर्च ४६,०००, बँकेत एफडी ३ लाख.

नमस्कार.

पैशांकडे वळण्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलतो. "रविवारी मशिन बंदच असतं, मग कोणाचं काय गेलं?" हे वाक्य कंपनीसमोर तोंडातून काढू नका, आणि स्वतःशीही म्हणू नका. वीज कंपनीची, धातू कापणारे इन्सर्ट कंपनीचे, मशिन थंड ठेवणारं कूलंट कंपनीचं, आणि स्पिंडल गेला तोही कंपनीचा. त्या दिवशी ज्या ऑपरेटरने तुमच्या सांगण्यावरून मशिन चालू केलं, त्याचीही नोकरी आज टांगणीला लागली आहे. लेखी खुलाशात त्याने तुमच्या सूचनेवरून काम केलं हे स्पष्ट लिहा. ते तुमचं देणं आहे आणि कुठल्याही हिशोबाआधी ते चुकतं करायला हवं.

आता धमकीत किती दम आहे ते पाहू. पीएफ कंपनीला अडवता येत नाही. तुमचा हिस्सा असो वा कंपनीने भरलेला, बडतर्फी झाली तरी त्यातून नुकसान वळतं करून घेण्याची कायद्यात सोय नाही. त्या भीतीपोटी कुठल्याही कागदावर सही करू नका.

ग्रॅच्युइटीचं तसं नाही. तुमचा हिशोब सरळ आहे: २६,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे वर्षाला १५,०००, आणि १४ वर्षांचे २,१०,०००. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा असा नियम आला. तुमचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून बरोबर निम्मा होतो, त्यामुळे तुमच्या आकड्यात फरक पडत नाही.) मालकाच्या मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल नोकरीवरून काढलं, तर झालेल्या नुकसानीइतकी ग्रॅच्युइटी कापता येते. ही तरतूद १९७२ च्या कायद्यात होती आणि संहितेतही आहे. शिवाय कृत्य नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात मोडतं असं ठरलं, तर ती अंशतः किंवा पूर्णही जप्त होऊ शकते. त्यासाठी फौजदारी कोर्टात शिक्षा झालेलीच असायला हवी असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. त्याच निकालात आपल्या एसटीच्या वाहकांची प्रकरणंही होती. तिकिटाच्या पैशांच्या अपहाराबद्दल ते बडतर्फ झाले होते आणि कोर्टाने त्यांच्या ग्रॅच्युइटीतली कपात २५ टक्क्यांपुरती ठेवली. म्हणजे कापाकापीला मर्यादा आहे, पण धोका खरा आहे. मशिनवर पैसे घेऊन खासगी काम करणं याला चौकशी अधिकारी "गैरवापर" म्हणेल की "अपहार", यावर बरंच काही ठरेल.

पत्नीच्या मताचा मला आदर आहे. नोकरी सहजासहजी सोडू नये हा विचार चुकीचा नाही. पण इथे मी त्या बाजूने नाही. मशिनच्या लॉगमध्ये रविवारचे तास आहेत, कॅमेऱ्यात तुम्ही आहात आणि तुम्ही तोंडी कबूलही केलं आहे. चौकशीच्या काळात निलंबन झालं आणि स्थायी आदेशांप्रमाणे (कारखान्याच्या सेवानियमांप्रमाणे) निर्वाह भत्ता मिळाला, तर पहिले ९० दिवस निम्मा, पुढे पाऊण. निम्मा म्हणजे फार तर २६,००० हातात आणि खर्च ४६,०००, दर महिन्याला २०,००० चा खड्डा. त्यातही सुपरवायझर म्हणून तुम्ही खरोखर माणसांवर देखरेख ठेवत असाल, रजा मंजूर करत असाल, तर कायद्याच्या व्याख्येत तुम्ही कामगार बसणार नाही आणि मग निर्वाह भत्ता आणि कामगार न्यायालय दोन्हींचा भरवसा धरता येणार नाही. हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम काय होतं ते महत्त्वाचं. एवढ्या एका प्रश्नासाठी तरी कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा. तिथली फी वाया जाणार नाही.

सगळ्यात मोठा तोटा मात्र यात कुठेच लिहिलेला नाही. चाकण, तळेगाव, भोसरी या पट्ट्यात टूल रूमचा १४ वर्षांचा माणूस बेकार राहत नाही, पण नवी कंपनी जुन्या एचआरला फोन करतेच. बडतर्फीचं पत्र असेल तर तुम्ही तीन महिने जास्त घरी बसाल असं धरलं, तरी १,५६,००० रुपयांचा पगार बुडतो. म्हणून माझा कौल राजीनाम्याच्या बाजूने आहे. मात्र कंपनीने मांडलेल्या अटींवर नाही.

२,४०,००० चा तपशील तुम्ही पाठवलात: स्पिंडलची दुरुस्ती ८५,०००, टूल आणि वीज १५,०००, उरलेले १,४०,००० "मशिन अवर"चे, म्हणजे मशिन वापरल्याच्या तासांचे. पहिल्या दोन रकमांचं बिल मागा. दुरुस्ती एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) किंवा मशिनरी ब्रेकडाउन विम्यात बसली असेल, तर तेवढं नुकसान कंपनीच्या खिशातून गेलेलंच नाही. मशिन अवरची रक्कम पूर्ण मान्य करण्याचं कारण नाही. तो दर ग्राहकाला लावायचा असतो, त्यात नफा आणि घसारा दोन्ही धरलेले असतात. मात्र तुम्ही कमावलेले ६०,००० स्वतःहून परत करण्याची तयारी दाखवा. ते तुमचे नव्हते. म्हणजे १,००,००० अधिक ६०,०००, एकूण १,६०,००० ही तुमची वरची मर्यादा. बोलणी एक लाखापासून सुरू करू नका. प्रामाणिक आकडा पहिल्यांदाच ठेवा, समोरच्याचा सूर बदलतो.

दागिने गहाण ठेवू नका. ही रक्कम ग्रॅच्युइटीतून वळती होऊ द्या. २,१०,००० मधून १,६०,००० गेले की ५०,००० उरतात आणि घरातल्या एकाही ठेवीला हात लागत नाही. रोख तर अजिबात देऊ नका. एकाच लेखी समझोत्यात चार गोष्टी आल्या पाहिजेत: राजीनामा स्वीकारला, भरपाईची रक्कम अंतिम असून ग्रॅच्युइटीतून वळती केली, पुढे पोलीस तक्रार किंवा दावा करणार नाही, आणि रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र) व अनुभवाचं पत्र अमुक तारखेला देणार. त्यावर कंपनीच्या अधिकृत माणसाची सही आणि शिक्का हवा. आधी राजीनामा लिहून द्या, बाकीचं नंतर बघू, असं कोणी म्हणालं तर उठून या. मसुदा वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

वर्कशॉपबद्दल आता. तुमचा हात चांगला आहे यात मला शंका नाही. पण ९ लाखांचं मशिन म्हणजे फक्त ९ लाख नव्हेत. गाळ्याचं डिपॉझिट, थ्री फेज कनेक्शन, कॉम्प्रेसर, टूलिंग, मोजमापाची साधनं, वर जीएसटी, आणि ग्राहक ६० ते ९० दिवसांनी पैसे देतो तोवर लागणारं खेळतं भांडवल. ११ लाखांत हे बसत नाही. आणि तुमच्या पत्रात ग्राहक म्हणून एकट्या मेहुण्याचं नाव आहे. त्यांचं काम तुम्हाला स्वस्तात परवडत होतं, कारण मशिन, वीज आणि टूल दुसऱ्याचं होतं. तोच जॉब स्वतःच्या गाळ्यात केलात तर दर किती लावावा लागेल, हे आज रात्री कागदावर मांडा. मेहुणे त्या दराला तयार आहेत का, हेही विचारा.

पीएफ तिथेच राहू द्या. २०२४-२५ साठी व्याज ८.२५ टक्के होतं, नोकरी सुटली म्हणून ते लगेच थांबत नाही, आणि नवी नोकरी लागली की खातं तिकडे वळवता येतं. सेवा दहा वर्षांच्या वर असल्याने पेन्शनचा हक्कही तयार झाला आहे. ३ लाखांची एफडी म्हणजे तुमचा साडेसहा महिन्यांचा खर्च. नोकरी शोधायला तेवढा वेळ पुरेसा आहे. दोन वर्षं दुसरीकडे काम करा, तीन-चार स्वतंत्र ग्राहक बोलून ठेवा, मग मशिनचा विषय पुन्हा काढू. नव्या कंपनीत बाहेरचं काम करायचं असेल तर लेखी परवानगी घ्या, आणि नाही मिळाली तर करू नका.

पेन ड्राइव्हवर जुन्या कंपनीचे प्रोग्रॅम आणि ड्रॉइंग असतील तर शेवटच्या दिवसाआधी परत करा आणि तशी पोच घ्या. ते पुढे गाळ्यात वापरलेत तर समझोत्याचा उपयोग संपला.

राहिला आईंचा मधुमेह. त्या आज कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आहेत आणि ते कवच तुमच्या शेवटच्या दिवशी संपेल. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज नोकरीत असतानाच करा, म्हणजे आतापर्यंतची वर्षं प्रतीक्षा काळात धरून घेता येतील. नवी पॉलिसी कोरी घेतलीत तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. एचआरकडून पॉलिसी नंबर आणि आईंचं नाव असलेलं ई-कार्ड याच आठवड्यात मागून घ्या. समझोत्याची बोलणी त्यानंतर सुरू करा.