आपले प्रश्न : घराची राखण आणि सेन्सरची रेंज

प्रश्न : दांडिया बाजारात आमचे जुने तिमजली घर आहे. दर्शनी बाजू अरुंद असली तरी घर आत बरेच खोल गेले आहे. गेल्या वर्षी बिनतारी सुरक्षा यंत्रणा बसवून घेतली आणि तिचे पॅनेल (सगळ्या सेन्सरचे संदेश घेणारे मुख्य यंत्र) पुढच्या बैठकीत लावले. पुढच्या दाराचा सेन्सर चोख चालतो. परसदारचा आणि गच्चीवरचा मात्र अधूनमधून ‘संपर्क नाही’ असे दाखवतो. परसदार लोखंडी आहे. बसवणारे कारागीर मोठी अँटेना व बूस्टर घ्यायला सांगतात. हा खर्च करावा का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : बूस्टरचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. अशा तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा सेन्सरच्या ताकदीत नसून पॅनेल आणि सेन्सर जिथे लावले आहेत त्या जागांत असते, आणि जागा बदलायला खर्च येत नाही. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट करायचे तर प्रक्षेपणाची ताकद चौपट करावी लागते. भिंती, जिने आणि सामानसुमान असलेल्या घरात तेवढ्यासाठी आठ ते सोळा पट ताकदही लागू शकते. शिवाय ४३३ मेगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यात असे बरेचसे सेन्सर चालतात, तिथे आपल्याकडे विनापरवाना वापराला १० मिलिवॉटची मर्यादा आहे. म्हणजे बूस्टरच्या वाटेने जाण्यात फायदा थोडा आणि कायद्याची अडचण मोठी.

आपल्या वर्णनावरून पहिला दोष पॅनेलच्या जागेचा दिसतो. प्लग हाताशी असतो म्हणून कारागीर पॅनेल बैठकीत लावून मोकळे होतात. पण खोलवर गेलेल्या घरात परसदारच्या संदेशाला मग मधल्या सगळ्या भिंती ओलांडाव्या लागतात, आणि जुन्या घरांतल्या वीट-चुन्याच्या जाड भिंती, विशेषतः पावसाळ्यात ओल धरल्यावर, रेडिओ लहरी बऱ्याच शोषून घेतात. पॅनेल घराच्या मध्यावर, शक्यतो पहिल्या मजल्यावर जिन्याजवळ न्यावे, कारण जिन्याची पोकळी ही वर-खाली जाणाऱ्या लहरींना मिळणारी आयती वाट असते. मात्र जिन्याखाली इन्व्हर्टर असेल तर त्याच्यापासून, तसेच वायफाय राउटर आणि टीव्हीपासून, पॅनेल निदान मीटर-दीड मीटर दूर असावे. स्वस्त एलईडी दिवे आणि चार्जर यांच्यातून निघणारा विद्युत गोंगाटही पॅनेलची ऐकण्याची क्षमता कमी करतो. खात्री करायची असेल तर घराचा मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही थोडा वेळ बंद करून, पॅनेल त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालत असताना चाचणी घ्यावी. तेवढ्या वेळात परसदारचा सेन्सर नीट बोलू लागला, तर गुन्हेगार घरातलेच एखादे उपकरण आहे असे समजावे आणि एकेक चालू करून ते शोधावे.

पॅनेलचे झाकण उघडून अँटेनाही एकदा पाहून घ्यावी. ४३३ मेगाहर्ट्झच्या पॅनेलमध्ये ती बहुधा सुमारे १७ सेंटीमीटर लांबीची साधी तार असते. ही लांबी म्हणजे त्या लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा, म्हणून ती कापू नये आणि तिला जोडही देऊ नये. काही कारागीर तार लोंबकळते म्हणून ती गुंडाळून आत कोंबतात किंवा विजेच्या तारांबरोबर पट्टीने आवळून टाकतात. ती सोडवून सरळ, उभी आणि धातूपासून दूर ठेवली की पुष्कळदा निम्मे काम तिथेच होते.

परसदारच्या लोखंडी दाराची गोष्ट जरा वेगळी आहे. सेन्सर थेट पत्र्यावर चिकटवलेला असेल, तर त्या लोखंडामुळे आतल्या छोट्या अँटेनाचा मेळ बिघडतो. शिवाय दाराचा सेन्सर दोन भागांचा असतो, एकात चुंबक आणि दुसऱ्यात त्या चुंबकाने चालणारा स्विच व प्रक्षेपक; चुंबकाचे क्षेत्र लोखंडात ओढले जाऊन त्या स्विचपर्यंत क्षीण होऊन पोहोचते, म्हणून दार बंद असतानाही ते उघडे दिसू शकते. प्रक्षेपक असलेला मोठा भाग लाकडी चौकटीवर किंवा भिंतीवर घ्यावा, आणि दारावर केवळ चुंबक ठेवून त्याच्याखाली एक-दीड सेंटीमीटर जाडीची लाकडी अथवा प्लास्टिकची पट्टी द्यावी. चौकटही लोखंडी असेल तर पुष्कळ सेन्सरमध्ये बाहेरची तार जोडण्याची सोय असते. तिचा उपयोग करून दारावर फक्त तारेचा चुंबकी स्विच ठेवावा आणि प्रक्षेपक हातभर अंतरावर उंच लावावा. माझ्या मते जुन्या घरात हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे, जरी ‘बिनतारी’ यंत्रणेला तार जोडणे कारागिरांना कमीपणाचे वाटत असले तरी.

नवी जागा पक्की करण्यापूर्वी सेन्सर दुहेरी चिकटपट्टीने तात्पुरता लावून पॅनेलच्या चाचणी-अवस्थेत सिग्नल पाहावा. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना कुठे बळ देतात, तर कुठे मारतात. त्यामुळे वीतभर सरकवल्यानेही मोठा फरक पडतो. चाचणीच्या वेळी दारे बंद असावीत आणि लोखंडी कपाटे नेहमीच्या जागी असावीत, नाहीतर दुपारी मिळालेला निकाल रात्री टिकत नाही. आकडा डेसिबलमध्ये दिसत असेल तर उणे ९० पेक्षा उणे ७० चांगला, हे ध्यानात असू द्यावे. गच्चीच्या दाराजवळ पाण्याची टाकी असेल तर सेन्सर टाकीच्या आडोशाला येऊ देऊ नये. बॅटरीही बदलून पाहावी. जुनी बटण-बॅटरी मीटरवर ३ व्होल्ट दाखवते आणि प्रक्षेपणाच्या क्षणी मात्र मान टाकते.

एवढे करूनही गच्चीचा सेन्सर दाद देत नसेल, तरच त्याच कंपनीचा रिपीटर (ऐकलेला संदेश पुन्हा पुढे पाठवणारे उपकरण) घ्यावा आणि तो जिथे सिग्नल अजून चांगला येतो अशा मधल्या ठिकाणी लावावा. सिग्नल संपतो तिथे रिपीटर लावला तर त्यालाच काही ऐकू येत नाही, मग तो पुढे काय सांगणार?

प्रश्न : कारेलीबागेतील आमच्या फ्लॅटमध्ये झिगबी या बिनतारी पद्धतीचे सेन्सर आहेत. एरवी ठीक चालतात, पण वीज गेली की मागच्या खोलीतले दोन सेन्सर गायब होतात. हबला, म्हणजे सगळे सेन्सर ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य यंत्राला, तर बॅटरी आहे. असे का होत असावे?
— एक वाचक भगिनी, बडोदे

उत्तर : झिगबीमध्ये विजेवर चालणारे स्मार्ट प्लग आणि बरेचसे स्मार्ट बल्ब दुसऱ्याचे संदेश पुढे पोहोचवतात, बॅटरीवरचे सेन्सर ते काम करीत नाहीत. आपले मागचे दोन सेन्सर एखाद्या प्लगच्या आधाराने हबपर्यंत पोहोचत असावेत, आणि वीज जाताच तो दुवा तुटत असावा. मधल्या खोलीतला एक प्लग इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्यावा आणि ते दोन सेन्सर, त्यांच्या कायमच्या जागी ठेवूनच, हबला नव्याने जोडावेत. नव्याने जोडायचे, कारण काही सेन्सर जुना दुवा सहजी सोडत नाहीत. वायफाय आणि झिगबी दोघेही २.४ गिगाहर्ट्झवर असल्याने राउटर १ क्रमांकाच्या चॅनेलवर आणि झिगबी २५ वर ठेवल्यास त्यांची आपसात टक्कर होत नाही.

प्रश्न : अमेरिकेतील चिरंजीव तिकडची सुरक्षा यंत्रणा घेऊन येणार आहेत. तिची रेंज जास्त असते असे ते म्हणतात. येथे चालेल का?
— एक ज्येष्ठ वाचक, अलकापुरी, बडोदे

उत्तर : आणू नये. तिकडचे बरेच सेन्सर ३४५ किंवा ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, जे पट्टे आपल्याकडे अशा वापरासाठी परवानामुक्त नाहीत. ९०० मेगाहर्ट्झच्या परिसरात तर आपली मोबाइल सेवा चालते. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे, त्यात चालणारे सेन्सर येथेच घ्यावेत. चिरंजीवांना काही आणायचेच असेल तर वायफाय कॅमेरा आणू द्या, फक्त त्याच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आहे ना, एवढे त्यांना पाहायला सांगा.