घरी सरावासाठी ऑक्टेव्ह, सायलॅब की पायथन?

तुम्ही मुंबईत मेकॅनिकल अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहात, प्रात्यक्षिके मॅटलॅब या गणिती आकडेमोडीच्या सशुल्क सॉफ्टवेअरवर होतात, पण त्याचा परवाना प्रयोगशाळेतल्या संगणकांपुरताच आहे. तेव्हा घरच्या लॅपटॉपवर विनामूल्य काय वापरावे, असा तुमचा प्रश्न आहे. मी येथेच न्यूमरिकल मेथड्स शिकवतो. माझा सल्ला असा, की आत्ता ऑक्टेव्ह घ्यावे आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट सुरू होण्यापूर्वी पायथन शिकून घ्यावे.

ऑक्टेव्ह, सायलॅब व पायथन यांपैकी कोणाचे उत्तर अधिक अचूक, ही शंका तुम्ही विचारली आहे, ती मनातून काढून टाकावी. रेषीय समीकरणे सोडवताना तिन्ही पॅकेजे शेवटी लॅपॅक या एकाच लायब्ररीकडे जातात, आणि डिफरन्शियल समीकरणांसाठी ऑक्टेव्हमधील एलसोड, सायलॅबमधील ओडीई व पायथनच्या सायपाय या लायब्ररीतील ओडीइंट या फंक्शनांच्या मुळाशी ओडीईपॅक हा फोरट्रानमधला जुना, कसून तपासलेला संच आहे. निवड करायची ती भाषेची आणि सोयींची.

ऑक्टेव्ह जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये लिहायला घेतले, तेही रासायनिक अभिक्रियापात्रांची रचना शिकवणाऱ्या एका पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून. विद्यार्थ्याची गरज त्याच्या जन्मापासूनच त्यात आहे. प्रयोगशाळेत लिहिलेली एम-फाइल, म्हणजे मॅटलॅबच्या प्रोग्रामची फाइल, त्यात बहुधा जशीच्या तशी चालते, आणि तुमच्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा फायदा आहे. कंट्रोल किंवा सिग्नलची फंक्शन्स मात्र वेगळी पॅकेजे बसवून, दर वेळी 'पीकेजी लोड' ही आज्ञा देऊन मिळवावी लागतात. लांबलचक फॉर लूप संथ चालतात, त्यामुळे गणित मॅट्रिक्सच्या रूपात मांडण्याची सवय लावावी.

मॅटलॅबच्या सिम्युलिंकसारखे ठोकळे जोडून मॉडेल करायचे असेल, तर ऑक्टेव्हमध्ये ती सोय नाही. त्यासाठी सायलॅबमधील एक्सकॉस पाहावे. आपल्या पवईच्या आयआयटीतील फॉसी या, शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर रुजवणाऱ्या प्रकल्पाने अनेक पाठ्यपुस्तकांतील सोडवलेल्या उदाहरणांचे सायलॅब कोड विनामूल्य उपलब्ध केले आहेत, आणि हे काम मला मनापासून मोलाचे वाटते. मात्र सायलॅबची लेखनपद्धती मॅटलॅबपेक्षा पुरेशी वेगळी आहे: पाय (π) हा स्थिरांक टक्क्याचे चिन्ह लावून लिहावा लागतो, शेरा (कॉमेंट) दोन तिरप्या रेघांनी सुरू होतो. परीक्षेच्या तोंडावर दोन लेखनपद्धती एकत्र शिकू नयेत.

पायथनकडे वळाल, तेव्हा तीन गोष्टी सांभाळाव्यात. क्रमांक शून्यापासून सुरू होतात. नमपाय या पायथनच्या ॲरे-लायब्ररीमध्ये तारांकनाने मॅट्रिक्सचा गुणाकार होत नाही, घटकवार गुणाकार होतो. मॅट्रिक्ससाठी 'ॲट'चे चिन्ह वापरावे. तिसरी सर्वांत फसवी: केवळ पूर्णांकांनी बनवलेल्या ॲरेत ०.५ भरल्यास कोणतीही सूचना न देता शून्य साठवला जातो, कारण ऑक्टेव्हप्रमाणे येथे प्रत्येक संख्या आपोआप दशांशी धरली जात नाही.

सुरुवात स्प्रिंग-मास-डॅम्परच्या एका प्रश्नाने करावी. तो आधी ऑक्टेव्हच्या ओडीई४५ या डिफरन्शियल समीकरणे सोडवणाऱ्या फंक्शनने सोडवावा, पुढे तोच सायपायच्या सॉल्व्ह-आयव्हीपी या तशाच फंक्शनने. दोन्हींची आपोआप धरली जाणारी (डिफॉल्ट) सापेक्ष त्रुटिमर्यादा ०.००१ आहे, म्हणून उत्तरे चौथ्या अंकात वेगळी दिसली तर पॅकेजला दोष देण्याआधी ती मर्यादा कमी करून पुन्हा चालवून पाहावे.