नातीचा पलंग: झाकण नको, खण करा

निपाणीहून तुम्ही विचारलंय: नात चार वर्षांची आहे, तिच्यासाठी खाली सामान मावेल असा लाकडी पलंग गावच्या सुताराकडून करून घ्यायचाय, लाकूड कुठलं आणि माप काय?

लाकडाचं मागाहून सांगतो. आधी एवढं नक्की करा, की वर उचलायचं झाकण असलेला पेटीपलंग करायचा नाही. थोरल्या नातवाला मी तसाच केला होता. आम्ही जांबोटीचे, वडील सुतारकाम करायचे, हत्यारं घरातच. रजया, चादरी, पाट, सगळं त्या पेटीत मावलं. पुढच्या मे महिन्यात पोरं लपाछपी खेळत होती आणि हा काही सापडेना. परडं धुंडाळलं, विहिरीत डोकावून झालं. सुनेला खोलीत धप् धप् ऐकू आलं म्हणून बरं. पोरगं आत शिरलं होतं आणि वरचं झाकण त्याला उचलत नव्हतं. बाहेर काढलं तेव्हा घामानं निथळत होतं, "आज्जा" म्हणायलासुद्धा आवाज फुटेना. १८ मिलिमीटर प्लायचं ६ बाय ३ फुटांचं झाकण वीसेक किलोचं भरतं, त्यावर गादी. हायड्रॉलिक पंप लावला तरी काही वर्षांनी तो ढिला होतो आणि झाकण बोटांवर आदळतं. मी त्याच आठवड्यात ते झाकण उखडलं आणि खाली ओढायचे खण केले.

धाकट्या नातीचा पलंग पहिल्यापासून तसाच केला. गादी आधी विकत आणा, मग चौकट. ६ बाय ३ फुटांचीच घ्या, मोठेपणीही चालेल. चौकटीचं आतलं माप गादीपेक्षा चार सूत, म्हणजे अर्धा इंच जास्त, त्याहून नको, नाहीतर फटीत हात-पाय अडकतो. गादी टेकते तिथली उंची जमिनीपासून फूटभर आणि गादी चार इंची, म्हणजे तिला आपली आपण चढता-उतरता येतं. उघड्या बाजूला डोक्याकडून निम्म्या लांबीचा कठडा द्या. गजांमधली फट सव्वादोन इंचांच्या आत हवी.

गादीखाली अख्खा प्लाय ठोकू नका. तीन इंच रुंद, इंचभर जाड पट्ट्या दोन-दोन इंच सोडून बसवा. आपल्याकडच्या पावसात गादी खालून दमट होते, आणि या वयात रात्री कधी ओलीही होते. वारा लागला तर वास धरत नाही.

खण दोन करा, समोरून मागे दोन फूटच. मागे भिंतीकडे फूटभर जागा मोकळी सोडा आणि खणांच्या पाठीमागे लांबीभर एक तुळई पायांवर टेकवा. पोरं पलंगावर उड्या मारणारच, पट्ट्यांना तिचा आधार होतो. खणांना चॅनेल (खण ज्यावर सरकतो त्या लोखंडी पट्ट्या) लावण्यापेक्षा खाली चाकं लावा. पोर उघड्या खणात उभं राहिलं की चॅनेल वाकतं; चाकांचा खण जमिनीवरच असतो. तळाच्या १२ मिलिमीटर प्लायला हवा खेळायला बोटाएवढी आठ-दहा भोकं पाडा. समोरची फळी वर-खाली दोन दोन सूत सैल ठेवा. मेमध्ये घट्ट बसवलेली आठ इंची फळी आषाढात सूतभर फुगते आणि खण हलत नाही.

आता लाकूड. चौकटीला सागवान. ऐन, म्हणजे कानडीत मत्ती, मजबूत खरा, पण वाळताना तडकतो. मोडलेल्या वाड्याचं सागवान मिळालं तर सोनंच, ते पुरतं वाळलेलं असतं. मात्र त्यावर जुना ऑइलपेंट असेल तर जपा. पूर्वीच्या रंगांत शिसं भरपूर असायचं. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांवर नको, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तो थर सुका घासू नका. ओला करून खरवडा, नातीला तिथे फिरकू देऊ नका. ज्या फळीवरून रंग पूर्ण निघत नाही, ती पलंगाला वापरू नका. प्लाय घ्याल तो आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, आयएसआय शिक्का बघून.

सांधे भोकात कूस (लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) बसवून करायला सांगा, नुसत्या स्क्रूवर नको. कडा-कोपरे गोल करून १२० आणि मग २२० नंबरच्या पेपरनं घासा. कठड्याची कड पोरं चावतातच. मी कठड्याला स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख लावली. पाणी सांडलं की तिच्यावर पांढरे डाग येतात, पण परत एक हात मारला की जातात. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश जास्त टिकतं. ते केलंत तर वास पूर्ण जाईपर्यंत पलंग दुसऱ्या खोलीत राहू द्या, तीन-चार आठवडे लागले तरी चालतील.

कडी-कोयंडा एकाही खणाला नको. नातीची उंची कळवा, कठड्याचं नेमकं माप काढून देतो.