जुनी हिमालयन घ्यावी का?

प्रश्न : पुण्यात रॉयल एनफिल्डची २०१९ची हिमालयन ४११ बाइक मिळतेय, पासिंग दिल्लीचं. किंमत बरीच कमी सांगतायत. लडाखला न्यायची आहे. घेऊ का? – एक वाचक, सातारा

उत्तर : मॉडेल चांगलं आहे, पण या गाडीसाठी जरा थांबा. दिल्ली पासिंग म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी, मग आपल्याकडचा रोड टॅक्स आणि नवा नंबर. हे धरलं की स्वस्ताई बरीचशी उतरते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो आधी मालकालाच उतरवायला सांगा.

घाटात ही गाडी सावकाश चढते, पण दमत नाही. शंभरच्या पुढे मात्र फार अपेक्षा नको. इंजिन गार असतानाच बघायला जा, तापलेल्या इंजिनात सुरू होतानाची कुरकुर लपते. मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर मी सरळ दुसऱ्या दिवशी येतो म्हणून सांगेन. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचला, हँडल हळूहळू फिरवा. मधोमध अडकल्यासारखं लागलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मुळाशी असलेलं बेअरिंग, गेला. टायरवर ‘२३१९’ दिसलं तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शाबूत दिसो, लडाखआधी बदलाच. किलोमीटरच्या आकड्यावर माझा काडीचा विश्वास नाही, सर्व्हिसची बिलं मागा.