युद्ध जिंकूनही हैतीने फ्रान्सला नुकसानभरपाई का दिली?

मान्यतेसाठी आणि पुन्हा हल्ला होईल या भीतीने. कॅरिबियनमधली फ्रान्सची ही वसाहत गुलामांच्या उठावातून लढून 1804 मध्ये स्वतंत्र झाली, पण फ्रान्स ते मानत नव्हता. 1825 मध्ये राजा दहाव्या चार्ल्सने युद्धनौका पाठवून 15 कोटी फ्रँक मागितले: मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून. त्या ‘मालमत्तेत’ गुलाम माणसेही धरली होती! म्हणजे ज्यांनी लढून बेड्या तोडल्या, त्यांनीच स्वतःची किंमत मोजायची. पहिल्या हप्त्याचे 3 कोटी पॅरिसच्याच सावकारांकडून कर्जाऊ घ्यावे लागले. 1838 मध्ये एकूण रक्कम 9 कोटींवर आली, तरी त्यापायी काढलेल्या कर्जांची फेड 1947 पर्यंत चालली. मात्र हैतीच्या आजच्या गरिबीचे हे एकमेव कारण नाही. 1915 ते 1934 ची अमेरिकी लष्करी सत्ता आणि नंतरची दुव्हालिए पिता-पुत्रांची हुकूमशाहीही त्यात येते.